चार महिन्यांचा पाऊस, बारा महिन्यांची गरज



भोर आणि वेल्हे परिसरात पाऊस अमाप, पण चारच महिने. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण ते पाणी अडवते, म्हणून नीरेच्या कालव्यांखालची शेते पुढेही भिजतात. आता आपल्या जमातींच्या देणग्या पाहा. रमजानमध्ये जकात आणि सदक्याचा वर्षाव होतो; शव्वालचा चंद्र दिसला की तो थांबतो.

2017 साली रमजान मे अखेरीस सुरू होऊन जूनमध्ये संपला. शाळा उघडताना हाती पैसा होता. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते. 2026 ची ईद मार्चमध्ये, आणि 2030 मध्ये रमजान जानेवारीतच सुरू होईल. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतील मुलीला अकरावीसाठी भोरला यायचे असेल, तर फी, वसतिगृह हे सारे जूनमध्येच लागते. त्या वेळी पेटी रिकामी असेल, तर तिचे शिक्षण तिथेच थांबते.

काही जण म्हणतात, देणारा अल्लाह आहे, नियोजन कशाला? हजरत यूसुफ (अ.) यांच्या तवक्कुलवर कोण शंका घेईल? त्यांनीच सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य दुष्काळासाठी राखायला सांगितले, तेही कणसांतच ठेवून. हजरत उमर (र.) यांना खैबरची जमीन मिळाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सल्ल्याने त्यांनी ती वक्फ केली. जमीन विकायची नाही, उत्पन्न मात्र गरजूंना द्यायचे, आणि देखरेख करणाऱ्याने त्यातून रीतसर खावे, अशा अटी आधीच ठरल्या. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीतही जकातीच्या आठ हक्कदारांत ती गोळा करणारे आहेत. व्यवस्थेलाही खर्च असतो, हे मान्य करायला आपणच संकोचतो.

अर्थात सगळाच पैसा साठवायचा नसतो. फित्रा ईदच्या नमाजीआधी गरिबाघरी पोहोचलाच पाहिजे. जकात हक्कदाराची अमानत आहे. ती मशिदीच्या रंगकामाला वळवू नये. तिचा हिशेब वेगळा ठेवा. मात्र वर्ष भरण्याआधी जकात आगाऊ देणे बहुसंख्य फकीहांनी जायज मानले आहे, म्हणजे ती महिन्याच्या हप्त्यानेही देता येते. सदक्याचेही तसेच. दरमहा शंभर रुपयांचा शब्द पाळणारी वीस घरे मिळाली, तर वर्षाला 24,000 रुपये खात्रीचे होतात.

शाबानमध्येच जमातीने बसावे. जूनमध्ये कोणाची फी भरायची, पावसाळ्यात कोणाचे छप्पर शाकारायचे, कोणत्या विधवेला दरमहा किती लागते, हे लिहून काढावे. तो कागद जुम्याच्या नमाजीनंतर सर्वांसमोर वाचावा, हक्कदारांची नावे मात्र वगळून.