वर नेण्याची घाई, टिकवण्याची जबाबदारी

जिवती हा चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. माणिकगडच्या डोंगरावर वसलेला, तेलंगणाला चिकटलेला. इथे कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आहेत आणि ज्यांवर दोन राज्ये हक्क सांगतात अशी चौदा गावेही आहेत. या डोंगराचे नाव देशभर गेले ते एका क्रीडापराक्रमामुळे. जिवती, देवाडा, बोर्डा या परिसरातल्या आश्रमशाळांतील दहा आदिवासी मुलामुलींना घेऊन ‘मिशन शौर्य’ ही एव्हरेस्ट मोहीम उभी राहिली. ऑगस्ट 2017मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे टप्पे झाले आणि 16 मे 2018 रोजी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण 8,848 मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर पोचले. त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्यांची नावे घेतली. राज्य सरकारने त्यांचा गौरव केला.

या यशाचा मला मनापासून अभिमान आहे. या मुलांनी दाखवलेले धैर्य कुणाच्याही दयेवर उभे नव्हते. पण या घटनेतला काळाचा हिशोब मात्र मनातून जात नाही. आश्रमशाळेचे मैदान ते जगाचे सर्वोच्च शिखर हे अंतर जेमतेम नऊ-दहा महिन्यांत कापले गेले. कच्च्या वयातल्या गुणी मुलाला थेट सर्वांत वरच्या पायरीवर केव्हा न्यावे, ते कुणी ठरवावे आणि वर नेल्यावर त्याचे पुढे काय, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक खेळापुढे असतो. त्यावर सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत जास्त पैसा लावून विचार झाला तो अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये, तरुण पिचरच्या बाबतीत. म्हणून जिवतीचा विचार करताना मला आधी तिकडे जावेसे वाटते.

पिचर म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा. आपल्या गोलंदाजाचा तो दूरचा भाऊ. फरक इतकाच की त्याला धावत यायचे नसते आणि चेंडूचा टप्पाही पाडायचा नसतो. साडेअठरा मीटरच्या आसपास अंतरावरून, उभ्या जागी शरीर पिळून, ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने तो चेंडू फेकतो. हा सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. तो तुटला की एके काळी कारकीर्द संपत असे. 1974मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून त्याच्या कोपरात बसवला. टॉमी जॉन 1976मध्ये मैदानावर परतला आणि 1989पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि आता कोवळ्या वयातल्या खेळाडूंवरही ती करावी लागते. हात किती मौल्यवान आणि किती नाजूक, हे त्या खेळाने अशी किंमत मोजून शिकले.

त्याच खेळात डेव्हिड क्लाइडची गोष्ट सांगितली जाते. 1973मध्ये टेक्सास रेंजर्स संघाने देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडलेला अठरा वर्षांचा हा पिचर. शाळेतले शेवटचे सामने खेळून काही आठवडेच झाले होते. संघ हरत होता, प्रेक्षक येत नव्हते, मालकाला गल्ला हवा होता. 27 जून 1973 रोजी क्लाइडला थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, उतरवले. पस्तीस हजारांहून अधिक लोक जमले आणि तो जिंकला. ठरले होते ते असे की एक-दोन सामने खेळवून मुलाला खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवायचे. पण गर्दी पाहून शब्द फिरवला गेला. पुढे खांदा गेला, आत्मविश्वास गेला, आणि इतर पिचर जेव्हा ऐन बहरात येतात त्या वयात त्याची कारकीर्द संपली. एकूण 18 विजय आणि 33 पराभव, एवढीच त्याच्या नावावरची नोंद.

उलट टोकाचा अन्यायही तिथे आहे. खेळाडूला सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते. म्हणून काही संघ तयार झालेल्या मुलालाही मुद्दाम काही आठवडे खाली अडकवून ठेवत, म्हणजे त्याच्यावरचा ताबा आणखी एक वर्ष टिके. कारण मात्र ‘अजून थोडी तयारी हवी’ असे सांगितले जाई. मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022च्या करारात या पळवाटेला थोडा आळा बसला. होतकरू खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघांना बक्षीस ठेवले गेले, आणि उशिरा वर आणलेला नवोदितही पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर त्याचे वर्ष पूर्ण धरले जाऊ लागले. पॉल स्कीन्स हा पिचर 2023मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, 11 मे 2024 रोजी वर आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. त्याला पूर्ण वर्ष मिळाले ते याच नियमामुळे.

घाई आणि दिरंगाई या दोन्हींचे मूळ एकच आहे. निर्णय घेणारा मुलाच्या हाताकडे पाहण्याऐवजी स्वतःच्या फायद्याकडे पाहतो. म्हणून ‘योग्य वेळ कोणती’ या प्रश्नाला वयाचा आकडा हे उत्तर होऊ शकत नाही. आधी विचारायला हवे की या बढतीतून कुणाला काय मिळणार आहे, आणि ती फसली तर किंमत कोण मोजणार आहे. ज्याला लाभ मिळतो त्याच्याच खांद्यावर जोखीमही असेल, तर निर्णय बहुधा शहाणपणाचा होतो.

इतक्या चुका करूनही तो खेळ माणसे घडवत राहतो, कारण तिथे मधल्या पायऱ्या आहेत. मेजर लीगच्या तीस संघांपैकी प्रत्येकाच्या खाली पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ आहेत, म्हणजे एकूण एकशेवीस. मुलगा खालून वर सरकतो. वर जमले नाही तर खाली येतो, दुरुस्त होतो, पुन्हा वर जातो. खाली पाठवणे ही तिथे नामुष्की समजली जात नाही. या व्यवस्थेचा अनुभव दोन भारतीय मुलांनीही घेतला आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. 2008मध्ये चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले, काही महिने अमेरिकेत शिकले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणीही पोचले नाही. दिनेश परत आला, रिंकू आणखी काही वर्षे खालच्या लीगमध्ये झगडला. पण कुणी त्यांना एका दिवसाच्या तमाशासाठी मोठ्या मैदानावर उभे केले नाही.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. उमेश यादवचे वडील नागपूरजवळच्या वलनी खाणीत कामाला होते. मुलगा टेनिस चेंडूवर वेगवान गोलंदाजी करायचा. वयाच्या विशीपर्यंत त्याने चामडी चेंडू हातात घेतला नव्हता. पोलीस भरतीत तो थोडक्यात हुकला. क्लबचा सदस्य नाही म्हणून महाविद्यालयाच्या संघाची दारेही त्याला आधी बंद होती. विदर्भ जिमखान्याने त्याला खेळायला जागा दिली आणि विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याच्या वेगावर विश्वास ठेवला. 2008च्या नोव्हेंबरमध्ये रणजी, 2010मध्ये एकदिवसीय, 2011च्या नोव्हेंबरमध्ये कसोटी अशा एकेक पायऱ्या तो चढला. विदर्भातून कसोटी खेळलेला तो पहिला खेळाडू. 2015च्या विश्वचषकात त्याने 18 बळी घेतले, भारतीयांत सर्वाधिक. कसोटीत 57 सामन्यांत 170 बळी त्याच्या नावावर आहेत.

त्यानंतर विदर्भ क्रिकेट एका माणसाच्या भरवशावर राहिले नाही. रणजीत सहा दशके धडपडलेल्या या संघाने 2017-18मध्ये पहिल्यांदा करंडक जिंकला. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार, सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजीचे प्रशिक्षक. रजनीश गुरबानीने उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे बारा बळी घेतले आणि अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली. पुढच्याच वर्षी करंडक पुन्हा आला, 2024-25मध्ये तिसऱ्यांदा आला. त्या तिसऱ्या वेळी डावखुऱ्या हर्ष दुबेने एका हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. अकादमी, प्रशिक्षक, वयोगटाचे संघ, हंगामभर सामने हे सगळे उभे राहिले तेव्हा गुणी मुले एकामागून एक वर आली. उमेशच्या वेळी एका भल्या माणसाच्या नजरेवर जे अवलंबून होते, ते आता व्यवस्थेच्या हातात आहे.

ही व्यवस्था जिवतीच्या डोंगरापर्यंत मात्र पोचलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात काहीच घडत नाही, असे नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला चांगले क्रीडा संकुल उभे आहे आणि 2023च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा तिथे झाल्या. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात. शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंडही आहे. पण या स्पर्धा दोन-चार दिवसांच्या. हरलेला मुलगा त्याच संध्याकाळी वसतिगृहात परततो आणि त्याचा पुढचा सामना पुढच्या वर्षी असतो. निवड होते, घडण होत नाही. ज्या मुलाचा खांदा जन्मतःच भाल्यासाठी किंवा वेगवान चेंडूसाठी बनला आहे, त्याला वर्षभर कुणी पाहत नाही. आणि एखादे वर्षी मोठी मोहीम निघाली की त्याला एकदम आकाश दाखवले जाते.

गिर्यारोहकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: शिखर ही अर्धीच मोहीम आहे आणि खाली उतरतानाही माणसे दगावतात. मुलांच्या कारकिर्दीलाही हा नियम लागू आहे. मिशन शौर्यने वाट दाखवली, 2019मध्ये राज्यभरातल्या आश्रमशाळांतून दुसरी तुकडीही गेली. पण मोहिमेचे यश फक्त शिखरावर किती जण पोचले यावर मोजू नये. दहापैकी जे पाच शिखराआधी परतले, त्यांच्या हातात पुढच्या वर्षीचे प्रशिक्षण होते का, त्यांनी शिकलेले गिर्यारोहण पुढच्या मुलांना शिकवायची त्यांना संधी मिळाली का, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. एकदाच दिलेले बक्षीस घर सावरते. खेळाडू घडवते ती रोजची तालीम.

दुसरा मुद्दा शरीराचा. अमेरिकेत 2014पासून ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला 75पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत, तेरा-चौदाच्या मुलाने 95पेक्षा जास्त नकोत. जितके जास्त फेकले तितकी जास्त दिवसांची विश्रांती. आणि वर्षातले काही महिने फेकणे पूर्ण बंद. हाडांची टोके जुळायच्या वयात अति ताण पडला तर नुकसान कायमचे होते, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे गावोगावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धांत एकच वेगवान मुलगा दिवसात तीन-तीन सामने फेकतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मुलाचे कौतुक व्हावे, पण त्याच्या षटकांची वही कुणीतरी ठेवायला हवी. त्याला पैसा लागत नाही. वही आणि लक्ष एवढेच लागते.

मला जिवतीसाठी तीन गोष्टी मागायच्या आहेत. आश्रमशाळांच्या गटाला एक पूर्णवेळ क्रीडा प्रशिक्षक मिळावा, ज्याच्या कामाचे मोजमाप पदकांवर होणार नाही, वर्षाअखेरीस किती मुले खेळत राहिली यावर होईल. जिल्ह्यात हंगामभर चालणारी साखळी सामन्यांची स्पर्धा असावी, म्हणजे हरलेल्या मुलाला पुढच्या रविवारी पुन्हा मैदान मिळेल. आणि वर पाठवलेल्या प्रत्येक मुलाबरोबर लेखी हमी असावी: त्याला तिथे जमले नाही तर त्याचे शिक्षण, त्याचे उपचार आणि त्याची पुढची संधी कुणाकडे असेल, याची. यांतल्या कुठल्याही मागणीला एव्हरेस्ट मोहिमेइतका खर्च नाही.

कोलाम किंवा गोंड मुलाला मोठ्या मंचावर पाहून आपल्याला आनंद होतो, तो व्हायलाच हवा. पण ज्या मंचाखाली पायऱ्या नाहीत, तिथे मूल नेऊन उभे करण्याचा अधिकार कुणालाही नाही, मग तो संघमालक असो, अधिकारी असो की आपण टाळ्या वाजवणारे असू. आधी पायऱ्या बांधा. त्या चढायची ताकद जिवतीच्या मुलांनी कधीच सिद्ध केली आहे.