तिकीट जात विचारत नाही

सुट्टीच्या दिवशी आणिक आगारात जाऊन बेस्टचं संग्रहालय बघून आलो. ट्राम, बसगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, कंडक्टरची यंत्रं. मुंबईत 1874 साली ट्राम घोडे ओढायचे. 1907 ला ती विजेवर आली, 1926 ला बस आली, आणि 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम गेली.

मी तिकिटांपाशीच जास्त रेंगाळलो. एवढंसं चिटोरं. त्यावर नंबर असतो, भाडं असतं, नाव नसतं. पैसे टाका नि बसा. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या खांद्याला खांदा घासत इथं सगळे उभे राहिले. कुणाच्या पुण्याईनं नाही. गर्दीनं आणि पोटानं हे करवलं.

पण ही समता म्हणायची का? शेजारचा माझ्याजवळ बसतो, कारण माझं आडनाव त्याला ठाऊक नाही.

1901 सालची गोष्ट घ्या. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचं पोर. भाऊ नि भाच्यांबरोबर वडिलांकडं कोरेगावला निघालेले. आगगाडीनं काही विचारलं नाही, तिकीट होतं. मसूरला उतरले. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करू लागला. कोण तुम्ही? पोरानं पटकन सांगून टाकलं, महार. मास्तर मागं सरला. मग बैलगाडी मिळेना. अखेर एक गाडीवाला कबूल झाला, तोही दुप्पट भाड्यावर. वर अट अशी, की गाडी पोरांनी हाकायची, हा बाजूनं चालणार. साला, पैसा तेवढा विटाळत नव्हता!

तिकडं अमेरिकेत, डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात, 2857 नंबरची बस जपून ठेवलीय. माँटगमेरीत 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स तिच्यातल्या जागेवरून उठल्या नाहीत. मग 381 दिवस काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार घातला. पायी गेले, मिळेल त्या मोटारीनं गेले. तिथं कातडी लपत नव्हती आणि भेद कायद्यातच लिहिलेला होता. कशाशी लढायचं ते डोळ्यांसमोर होतं. आपल्या बसमध्ये तशी पाटी नाही. आपल्याला गप्प बसता येतं. गोम तिथंच आहे.

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? आडनाव सांगायला मी कुणाचं देणं लागत नाही. खोली भाड्यानं मिळत नाही म्हणून जो आडनाव गिळतो, त्याला मी भेकड म्हणणार नाही. त्याची बायकापोरं रस्त्यावर येतील, माझी नाही. तरी मला वाटतं, गप्प राहून मिळालेली जागा माझी नसते. शेजाऱ्यानं मनात धरलेल्या भलत्याच माणसाची असते. त्या माणसाचं ओझं घेऊन मी किती स्टॉप बसू?

परतीच्या बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ‘बाळा, गाव कुठलं?’ सांगितलं. मग म्हणाला, ‘आडनाव काय तुझं?’ तेही सांगितलं. ‘बरं बरं, मला पुढं उतरायचंय,’ म्हणत तो उठला, दाराजवळ जाऊन उभा राहिला. चार स्टॉप गेले, तरी उभाच होता.