सव्वा, पण कशाचा?

श्रावणात वारज्यातल्या एखाद्या सोसायटीत सत्यनारायण ठरला, की प्रसादाच्या शिऱ्याचा हिशेब निघतो. घरच्या पूजेला सव्वा वाटी रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर आणि दूध बहुधा दुप्पट. सोसायटीच्या पूजेला रवा सव्वापाच किलो.

गणिताला या सव्वाचं काहीच कौतुक नाही. सव्वा म्हणजे पाच चतुर्थांश. चारही मापांना चाराने गुणलं की ५ : ५ : ५ : १०; पाचाने भागलं की १ : १ : १ : २. सव्वा गळाला, शिऱ्याची चव तीच राहिली. (वाटीऐवजी वजन धरलं तर मात्र गुणोत्तर बदलतं, वाटीभर साखर वाटीभर रव्यापेक्षा जड भरते.)

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, असंच प्रमाणात माप मागणारा एक भुकेला प्रवासी भेटतो. तांडा पुढे निघालाय. वाण्याकडे तो तेरा काकिणींत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग मागतो. दर द्रम्माला साडेतीन मानक तांदूळ किंवा आठ मानक मूग (काकिणी आणि द्रम्म ही तेव्हाची नाणी, मानक हे माप). उत्तर येतं तांदूळ ७/१२ मानक, मूग ७/२४. अपूर्णांक ओबडधोबड, पण खिचडी नेमकी २ : १.

व्रतालाही एवढंच पुरेसं आहे का? सत्यनारायणाच्या कथेत केळी, तूप, दूध, साखर, गव्हाचं पीठ ‘सपाद’, म्हणजे सव्वा, घ्यायला सांगितलंय. सव्वा कशाचा, ते सांगितलेलं नाही. म्हणून त्याच कथेतल्या मोळीविक्याला आणि उल्कामुख राजाला एकच व्रत जमतं. इथवर धर्म आणि गुणोत्तर हातात हात घालून चालतात.

बिनसतं ते पुढे. एकाने गरज भागते. वरचा पाव हिशेबाबाहेरचा, देवाच्या नावाने सोडलेला. घरच्या सव्वा वाटीत तो एकाचा चौथा हिस्सा असतो, म्हणजे २५ टक्के. सव्वापाच किलोत पाचांवर पावच, जेमतेम ५ टक्के. सव्वाकीचा पाढा घोकलेली आजी लगेच सांगेल, सव्वा पाचे सव्वासहा! शिऱ्याचं प्रमाण वाटीतून पातेल्यात सहीसलामत पोचलं. वाटेत आटली ती उदारता. दक्षिणेचंही तसंच. अकरातला दहावरचा एक रुपया आणि एकशेएकातला शंभरावरचा एक रुपया मान सारखाच मिळवतात.

म्हणजे सव्वा हे प्रमाण उरलं नाही, खूण झाली. खुणेला आकार लागत नाही, असं म्हणता येईल. तरी यादी लिहिणारे सव्वासहा टाळून सव्वापाचच लिहितात, यात भक्तीइतकाच वाण्याचा भावही असावा.