कातळावरचा डाग



आपल्या सुरगाणा तालुक्यातल्या हातगडावर गेलात, की कातळावर राखाडी, पांढुरके चट्टे दिसतात. पोरे ते डाग खरवडून तिथे आपले नाव कोरतात. पण तो डाग जिवंत आहे. त्याला शैवाक म्हणतात. मसाल्यातले दगडफूल हे त्याचेच भाऊबंद. त्यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. शैवाल उन्हात अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते. उन्हाळ्यात ते सुकून निपचित पडते, पावसात पुन्हा जागे होते. कातळाला चिकटलेल्या अशा अनेक जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. तळहाताएवढा चट्टा आपल्या आजोबांहून थोरला असू शकतो.

दगडफूल कामाचे, म्हणून आपण ते डब्यात जपून ठेवतो. हा चट्टा आपल्या काहीच कामाचा नाही. मग तो खरवडला तर काय बिघडले? बिघडते ते आपल्यात. कामाचे तेवढेच मोलाचे, अशी एकदा सवय लागली, की घरात खाटेवर पडून असलेले आजोबाही बिनकामाचे वाटू लागतात.

गडावर जाऊ तेव्हा हात आवरू या. घरी परतल्यावर आजोबांजवळ घटकाभर बसू या.