आपणच आरोपी, आपणच पंच

हिंडलग्याचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा आठवते ते मध्यवर्ती कारागृह. त्याला इलाज नाही. पण त्या भिंतीवरून रोज जा-ये करताना माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे. आत गेलेल्या माणसाचा न्याय दुसऱ्याने केलेला असतो. साक्षीदार वेगळा, वकील वेगळा, न्यायाधीश वेगळा. बाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा न्याय मात्र बहुतेक वेळा आपला आपणच करायचा असतो, आणि त्या कोर्टात आरोपी निर्दोष सुटल्याशिवाय राहत नाही. अशा न्यायाला न्याय म्हणावे काय?

हा प्रश्न एखादा ग्रंथ वाचताना पडला असता तर मुख्याध्यापकाला शोभून दिसला असता. तो पडला टेबल टेनिसच्या टेबलापाशी.

कॉलेजात असल्यापासून मी हा खेळ खेळतो. शाळा सुटल्यावर मुलांबरोबर अर्धा तास खेळल्याशिवाय मला घरी जाववत नाही. माझ्या खेळाबद्दल माझे मत चांगले होते. बॅकहँड भरवशाचा, फोरहँड जरा लहरी, पण सर्व्हिस म्हणाल तर उत्तम! ती भल्याभल्यांना परतवता येत नसे. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने सहज म्हणून माझा खेळ मोबाईलवर टिपला आणि मला दाखवला. पहिली दोन मिनिटे मला वाटले, ही पोर दुसऱ्याच कोणाला तरी दाखवते आहे. प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा ताठ, पाय फरशीला चिकटलेले, आणि फटका मारल्यावर बॅट खांद्यापलीकडे जाऊन तिथेच राहिलेली असा एक पोक्त गृहस्थ चेंडूमागे धावायचे सोडून चेंडूवर चिडत होता. 'भरवशाचा' बॅकहँड दर तिसऱ्या चेंडूला जाळ्यात जात होता.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आले. मग सर्व्हिस आली.

सर्व्हिसचा नियम मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा, तो जवळजवळ सरळ वर निदान 16 सेंटिमीटर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. जाळीची उंची 15.25 सेंटिमीटर असते. म्हणजे जाळीपेक्षा नखभर जास्त, असे मी सांगतो. शिवाय 2002 पासून मोकळ्या हाताने वा अंगाने चेंडू प्रतिस्पर्ध्यापासून झाकता येत नाही. चित्रात माझा चेंडू मुठीत होता, चार बोटेसुद्धा वर जात नव्हता, आणि डावे कोपर पडद्यासारखे पुढे आलेले होते. माझी सर्व्हिस परतवता येत नव्हती, कारण ती कोणाला दिसतच नव्हती.

अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' या 1962 च्या नाटकातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. त्यामुळे आम्हा सीमाभागातल्या लोकांना तो घरचाच वाटतो, आणि प्रभाकर पणशीकरांनी तो असा काही उभा केला की त्याचे नाते नाकारायलाही जीवावर येते. पण लखोबाचे एक असते. आपण कोण आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. तो जगाशी खोटे बोलतो, स्वतःशी नाही. त्याच्या आत खऱ्याची एक नोंद तरी शिल्लक असते. मी मात्र वीसेक वर्षे सराईतपणे नियम मोडले आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग दोघांत अधिक दोषी कोण?

पहिले दोन दिवस मी स्वतःला सोडून दिले. हेतू नव्हता, म्हणून दोष नाही. असा निकाल मी लगेच लिहून टाकला. तिसऱ्या दिवशी 2009 सालची एक गोष्ट आठवली.

तेव्हा मी साधा शिक्षक होतो. शाळेचा संघ निवडण्यासाठी सामने घेत होतो, पंच मीच. आठवीतल्या एका काटक मुलाची सर्व्हिस मी तीनदा बाद ठरवली. तिसऱ्या वेळी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, तुमी बी असंच टाकताय की!" पोरे हसली. उद्धटपणा म्हणून मी त्याला संघातून वगळले. त्याची सर्व्हिस नियमाबाहेर होती, तो निर्णय आजही चूक वाटत नाही. पण वगळले ते सर्व्हिससाठी नव्हे. त्याने खरे सांगितले म्हणून.

म्हणजे मला ठाऊक नव्हते, हे खरे नाही. मला सांगितले गेले होते, साक्षीदारांसमक्ष, आणि मी साक्षीदारालाच शिक्षा केली. न कळणे आणि कळून न घेणे यांत अंतर असते. ते आपल्याला आतून दिसत नाही, एवढेच. समर्थांनी दासबोधात मूर्खाच्या समासानंतर पढतमूर्खाचा वेगळा समास का घातला, हे मला शिकवताना कधी उमगले नव्हते. तो समास वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी शिक्षक खोलीतलीच माणसे यायची.

टेबल टेनिसच्या नियमात एक कलम आहे, जे मी फळ्यावर कधी लिहिले नव्हते. सर्व्हिस नियमानुसार झाली की नाही याची पंचाला खात्री पटेल अशा रीतीने ती करणे, ही खेळाडूची जबाबदारी आहे. पंचाने चोरी पकडावी असे नव्हे. खेळाडूने स्वतःला दिसू द्यावे. मला या एका कलमात नीतिशास्त्राचे अर्धे पुस्तक दिसले. माझ्या हेतूची शुद्धता मी कितीही तपासली तरी ती झाकल्या कोपराआडची तपासणी. कोपर बाजूला काढणे तेवढे माझ्या हाती आहे. बघायचे काम दुसऱ्याने करायचे.

उलट टोकालाही मी गेलो, तेही सांगतो. महिनाभर प्रत्येक फटक्यात मला दोष दिसू लागले. खेळ तर बिघडलाच, पण "माझ्याइतका चुकलेला कोणी नाही" असे म्हणण्यातही एक चोरटा अभिमान असतो, हे ध्यानात आले. आपले कौशल्य कशावर उभे आहे, हे कसलेल्या खेळाडूलाही ठाऊक नसते. 1952 साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. त्या बॅटवर चेंडूचा आवाजच येत नसे. आपण डोळ्यांबरोबर कानांनीही खेळत होतो, हे पुष्कळांना तेव्हा कळले. मग मी एकच गोष्ट धरली. टेबलाशेजारी फूटपट्टी उभी केली आणि रोज फक्त चेंडू उडवायचा, मारायचा नाही, असे तीन आठवडे केले.

त्या मुलाचा शोध गेल्या दिवाळीत लागला. निपाणीत त्याचे दुकान आहे. मी गेलो, चहा झाला, आणि मी ती गोष्ट काढली. तो विसरला असेल, हसून सोडून देईल, अशी माझी समजूत होती. तो थोडा वेळ गिऱ्हाइकाचे बिल करत राहिला. मग म्हणाला, "सर, त्यानंतर मी बॅट हातात घेतली नाही." रागाने नव्हे, माहिती दिल्यासारखे. मी क्षमा मागितली. "असू दे की सर," तो म्हणाला. त्यात क्षमा होती की नव्हती, हे मला ठरवता आलेले नाही, आणि ते ठरवणे माझे कामही नव्हे.

ती मुलगी आता कॉलेजात जाते, पण शनिवारी धाकट्या भावाला घेऊन येते आणि माझ्या वीस सर्व्हिस टिपते. गेल्या शनिवारी मी म्हणालो, "आज चारच चुकल्या." ती म्हणाली, "सहा, सर." मी म्हणालो, चारच. तिने मोबाईल पुढे केला. सहा होत्या.