भाड्याचें घर आणि भिंतीची ओल

मलकापुरांत भाड्याचें घर पाहण्याचा प्रसंग बहुधा उन्हाळ्यांत येतो. बदल्यांचा आणि शाळांचा काळच तो. वऱ्हाडच्या त्या उन्हांत कोणतीही भिंत कोरडीच दिसावयाची. वर चुन्याचा नवा हात फिरलेला असला म्हणजे तर बोलावयासच नको. पुढें आषाढ लागतो, नळगंगेला पाणी येतें, पायाखालची काळी जमीन फुगूं लागते, आणि मग भिंतीचा खरा स्वभाव बाहेर पडतो. कोपऱ्यांत बुरशी, कपड्यांना कुबट वास, आणि रात्रभर खोकणारें पोर. तक्रार केली कीं उत्तर ठरलेलें असतें: "तुम्हीच घरांत पाणी फार सांडतां."

घरमालकाचें कर्तव्य नेमकें कशांतून उत्पन्न होतें? तो श्रीमंत आहे म्हणून, असें पुष्कळांचें म्हणणें. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या गांवीं मागची खोली भाड्यानें देऊन औषधपाण्याचा खर्च भागविणारी विधवाही घरमालकच असते. आमच्या मतें कर्तव्याचें मूळ ज्ञानांत आहे. श्रावणांत ही भिंत काय करते हें मालकास वर्षानुवर्षें ठाऊक असतें. वैशाखांत दारांत उभ्या असलेल्या भाडेकऱ्यास तें कळण्यास मार्गच नसतो. चुना फासून लपविलेल्या ओलीस आम्ही व्यवहारचातुर्य म्हणणार नाहीं.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें 108 वें कलम हेंच सांगतें: भाडेकऱ्यास सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा, पण मालकास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष मालकानें सांगितलाच पाहिजे. महाराष्ट्राचा 1999 चा भाडेनियंत्रण कायदा दुरुस्तीचा भार मालकावर टाकतो. नोटिशीनंतर 15 दिवसांत त्यानें ती न केल्यास भाडेकऱ्यानें स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. परंतु असली नोटीस देणारा भाडेकरू आम्हीं तरी क्वचितच पाहिला. घर खाली करावें लागेल ही धास्ती कलमाहून मोठी असते.

"तुम्हीच पाणी सांडतां" हें उत्तर केवळ आमच्याकडचें नव्हे. इंग्लंडांत रॉचडेल येथें 2020 सालीं दोन वर्षांचें एक मूल दगावलें. बापानें 2017 पासून बुरशीची तक्रार केली होती; त्यावर रंग लावा, असें त्यास सांगण्यांत आलें, आणि दोष कुटुंबाच्या राहणीस दिला गेला. मृत्यूचें कारण घरांतील बुरशीच, असा निर्णय 2022 मध्यें झाला, व पुढच्या वर्षीं तेथें नवा कायदा झाला.

दोष सांगितला म्हणजे मालक मोकळा झाला काय? तसेंही नाहीं. ज्याला दुसरें घर परवडत नाहीं तो जाणूनबुजून ओल पत्करतो. त्याच्या निरुपायास संमति म्हणणें ही निव्वळ पळवाट होय. गच्चीच्या भेगा बुजविणें, पन्हाळी मोकळ्या करणें, भिंतीलगतचें पाणी दूर काढून देणें, कवेलूचें घर असल्यास तें फेरणें, हीं कामें ज्येष्ठांतच उरकावयाचीं. त्यांस फार पैसा लागत नाहीं. आणि त्या विधवेस तोही जमत नसेल, तर भाडेकऱ्यानें आपल्या पदरचे घालून भिंत नीट करावी आणि तिनें भाड्यांतून ते पैसे वळते करूं द्यावेत, त्यासाठीं नोटिशीची वाट पाहूं नये.