सहल की सलाइन?

जो खाईल त्याने बिल द्यावे, हा हॉटेलातला नियम मला अत्यंत नैतिक वाटतो. विशेषतः खाणारा मी नसतो तेव्हा. रस्त्याच्या बाबतीत सरकारलाही हाच नियम पटतो. म्हणून इतकी वर्षे पेट्रोलपंप हाच वसुली कारकून होता. जितकं पेट्रोल, तितका कर. अर्ज नाही, रांग नाही.

मग विजेची गाडी आली. माळ घातलेल्या माणसाने गुत्त्यावरून मान वळवून जावं, तशी ती पंपावरून जाऊ लागली आणि तिजोरीच्या पोटात गोळा आला.

न्यूझीलंडने यावर तोड काढली. १ एप्रिल २०२४पासून तिथे विजेच्या मोटारींना हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर आकार लागू झाला, तोही आगाऊ! नोव्हेंबर २०२५मध्ये ब्रिटनने जाहीर केलं, की एप्रिल २०२८पासून आम्हीही मैलाला ३ पेन्स घेऊ. हिशेब चोख. ऑडिटरही बरोबरची खूण करील.

पण हिशेब चोख म्हणजे न्याय झाला का हो? शहरात डॉक्टर कोपऱ्यावर, शाळा पलीकडच्या गल्लीत, आणि गाडी रुसली तर बस आहेच. खेड्यातल्या माणसाला दवाखान्यासाठी ४० किलोमीटर जावं लागतं, आणि परत यायचंही असतं. मीटरच्या लेखी ८० म्हणजे ८०. सहल की सलाइन, हे त्याला कळत नाही.

बरं, कर नकोच म्हणावं, तर आणखी गंमत. मार्च २०२५मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. ऑगस्टमध्ये विजेच्या मोटारींना अटल सेतूवर टोलमाफी मिळाली. इकडे दुधाचे कॅन लटकावून निघालेला मोटारसायकलवाला मात्र लिटरामागे कर मोजतोच आहे. म्हणजे विजेच्या गाडीला मीटर लावा की माफी द्या, खिसा खेड्याचाच!

अंतर मोजणं सोपं. ते हौसेने कापलं की नाइलाजाने, हे विचारणं अवघड. पण कर बसवण्याआधी विचारायला हवं तेच. माझी आपली साधी सूचना आहे. ज्या गावाला बस जात नाही, तिथल्या गाड्यांना बस सुरू होईपर्यंत किलोमीटर माफ करावेत.

मग बघा, बस किती लवकर पोचते ती!